साक्षीदार नसलेला नियम

जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीत नीलांबरी खोत राहते हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, पण ती करते काय, हे कुणाला धड सांगता आलं नसतं. पॉलिटेक्निकमधली शिकवण्याची नोकरी सोडून ती घरात कॉम्प्युटरपुढे बसते आणि त्या कामाचे कुणाकडून पैसे घेत नाही, इतपत बातमी होती. पैसे घेत नाही म्हटल्यावर काम काही फार महत्त्वाचं नसणार, असं गल्लीने परस्पर ठरवून टाकलं होतं. तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत नीलांबरी कधी पडली नाही.

ती ‘चाळणी’ सांभाळत होती. चाळणी म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायची एक लायब्ररी. यंत्राकडून, माणसाकडून, कुठूनही आलेला आकडा पुढे जाण्याआधी चाळणीतून जायचा. माणसाचं वय उणे पाच असू शकत नाही, फेब्रुवारीला तिसावा दिवस नसतो, एका गाईने एका वेळेला चारशे लिटर दूध दिलं असेल तर ते गाईने दिलेलं नाही, असे शेकडो नियम तिच्यात होते. नियमात न बसणारा आकडा चाळणी बाजूला काढायची. विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता नीलांबरीने ती लिहायला घेतली आणि सगळ्यांसाठी खुली करून टाकली. कुणीही वाचावी, वापरावी, चुका दाखवाव्यात, सुधारणा सुचवाव्यात. आता ती दवाखान्यांत होती, दूध संघांत होती, विमानतळांवर होती, आणि नीलांबरीला नकाशात शोधावे लागतील अशा देशांतही होती. रोज कुठून ना कुठून तक्रार यायची, कुठून ना कुठून दुरुस्ती यायची, आणि सकाळचा चहा झाला की ती एकेक निवडत बसायची.

या कामाची एक रीत होती. कुठलाही नियम साक्षीदाराशिवाय आत घ्यायचा नाही. झालं असं, की एका हुशार मुलाने माणसाचं नाव किमान दोन अक्षरी असलं पाहिजे असा नियम पाठवला आणि नीलांबरीने तो घेतलाही. महिन्याभरात कोरियातून ‘ओ’ आडनावाच्या बाईंचा निरोप आला, की तुमच्या कृपेने मला दवाखान्यात नाव नोंदवता येत नाही. नीलांबरीला इतकं ओशाळल्यासारखं झालं की तिने ही रीतच घालून दिली. नियम पाठवणाऱ्याने खरी घडलेली एक हकिगत दाखवायची, गाव आणि माणूस यांच्या नावासकट. ती हकिगत त्या नियमाशेजारी साक्षीदार म्हणून कायम राहणार. पुढे कधीही चाळणीत काही बदललं, की सगळ्या साक्षीदारांना पुन्हा उभं करायचं, आणि एकाचीही साक्ष बिघडली तर बदल परत.

चाळणीचं सगळ्यात जोखमीचं काम तिच्या घरापासून फार लांब नव्हतं. कृष्णा आणि पंचगंगेच्या खोऱ्यात पूर काही नवा नाही, पण गेल्या काही वर्षांत पावसाने ताळतंत्र सोडलं होतं. कुठल्या धरणातून किती पाणी कधी सोडायचं हे गणित माणसांच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. ते आता ‘जलदर्शी’ नावाचं यंत्र करायचं. नदीकाठच्या गावांच्या घाटांवर एका लोखंडी नळीत साखळीने एक डबी सोडलेली असायची. डबीवर पाण्याचं वजन जितकं जास्त, तितकी नदी वर, असा साधा हिशेब. डबी मिनिटामिनिटाला आपला आकडा पाठवायची, चाळणी तो पारखायची, आणि जलदर्शी सगळ्या खोऱ्याचा एकत्र विचार करून वरच्या धरणांचे दरवाजे उघडायचं, मिटायचं, गावांना फोनवर आधीच सावध करायचं. लोक नदीकडे बघायचं सोडून फोनकडे बघू लागले होते, आणि बहुतेक वेळा फोनचं बरोबरच निघायचं.

पायरवाडीच्या बाबतीत मात्र एकदा भलतंच घडलं होतं.

पायरवाडी हे संगमाजवळचं गाव. तिथे नीलांबरीची थोरली बहीण सुभद्राआक्का दिलेली. घाटाच्या वरच्या अंगाला तिचं कवठाच्या बर्फीचं दुकान होतं. त्या गावात पुराचा एक रिवाज आहे. पाणी दीपमाळेच्या पायरीला लागलं की भैरोबाची उत्सवमूर्ती देवळाच्या वरच्या सज्जात नेतात, आणि देवाच्या मागोमाग घाटावरची यच्चयावत वस्तू वर जाते. घाटावरचं काही म्हणजे काही पाण्याला द्यायचं नाही. मग बाहेरगावी गेलेल्या लेकी, नोकरीला गेलेली माणसं फोन करून एवढंच विचारतात, देव वर नेला का? या प्रश्नाचं उत्तर अडवायचं नसतं. बांधावरून कोर्टात भांडणारे भाऊही एकमेकांना त्याचं उत्तर देतात आणि फोन ठेवून पुन्हा भांडायला मोकळे होतात.

जलदर्शी येण्याच्या कितीतरी आधी नीलांबरीने विद्यार्थ्यांना हाताशी धरून पहिली डबी बनवली ती पायरवाडीच्याच घाटावर बसवली होती आणि नळीच्या झाकणाची किल्ली आक्काकडे दिली होती. पावसाळ्याआधी नळीतला गाळ काढायचा, साखळी ओढून डबी पुसायची, हे काम आक्का बर्फीच्या परातींइतक्याच निगुतीने करायची. ती एका पुरात वाहून गेली तेव्हा नीलांबरीने दुसरी बसवली, आणि पुढे तीच जलदर्शीच्या जाळ्यात गेली.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्या नळीत कसल्याशा फांद्या अडकल्या. डबी वेडेवाकडे आकडे पाठवू लागली, चाळणीने ते नियमाप्रमाणे नाकारले, आणि जलदर्शीला पायरवाडीच्या जागी नुसती रिकामी जागा दिसू लागली. आकडा नसेल तर वाईटात वाईट धरून चालायचं, अशी त्याला शिकवण होती. त्याने गाव खाली करायला सांगितलं. लोक खळखळ करू लागले तेव्हा आक्काच दारोदार फिरली आणि माझ्या बहिणीनं केलेलं आहे, ते खोटं सांगायचं नाही, अशी ग्वाही देत सुटली. गाव ट्रॅक्टरांत बसून माळावरच्या शाळेत गेलं, पावसात भिजत राहिलं, आणि पाणी घाटाच्या निम्म्या पायऱ्यांवरूनच मागे फिरलं. जत्रेसाठी केलेली बर्फी बुरशीने गेली, कुणाकुणाची वासरं दगावली. त्या न आलेल्या पुराला पायरवाडीत अजून ‘खोतबाईंचा पूर’ म्हणतात. भांडण वगैरे काही झालं नाही. आक्काने बहिणीशी बोलणंच बंद केलं. किल्ली मात्र परत पाठवली नाही.

नीलांबरीला हे फार लागलं होतं. जगभरातले अनोळखी लोक तिचे आभार मानत होते आणि सख्खी बहीण फोन उचलत नव्हती.

चाळणीचा दुसरा कारभारी अझीम मुल्ला. तो एकेकाळचा तिचा विद्यार्थी, आता जलदर्शीच्या नियंत्रण कक्षात नोकरीला. दिवसा तो यंत्राची चाकरी करायचा आणि फावल्या वेळात चाळणीची. दोघांच्या संमतीशिवाय चाळणीतली एक ओळही बदलायची नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. या अझीमने ‘भरणी’ नावाची सुधारणा लिहिली. आकडा नाकारला की त्या जागी भोक ठेवण्याऐवजी आजूबाजूच्या डब्या आणि मागच्या वर्षांचे आकडे पाहून तिथे काय असायला हवं होतं याचा अंदाज भरायचा, अशी तिची कल्पना होती. अंदाज इतके सुरेख जमायचे की खऱ्या आकड्यांत मिसळले तर ओळखू येऊ नयेत.

नीलांबरीला नेमकं तेच खटकत होतं. आज आपण अंदाज आहे म्हणून देऊ, उद्या पुढचं यंत्र तो पाहिलेला आकडा समजून त्याच्यावर दरवाजे उघडेल, असं तिचं म्हणणं. कितीतरी महिने तिने भरणी अडवून धरली. अझीम चिकाटीचा होता. शेवटी त्याने रीतीप्रमाणे साक्षीदार जोडून दिला. साक्षीदार होता पायरवाडी, श्रावणातला न आलेला पूर. त्यावर नीलांबरीला बोलायला जागाच राहिली नाही.

तिने भरणी घेतली, पण दोन अटींवर. भरलेल्या प्रत्येक आकड्याला खूण हवी, ही पहिली. ती अझीमला पटली. दुसरी अट अशी, की तासभर सलग भरणीच चालू राहिली तर चाळणीने थांबायचं आणि ज्याच्याकडे त्या डबीची किल्ली आहे त्या माणसाला फोन करून विचारायचं. माणसाचं उत्तर येईतो पुढे आकडा द्यायचा नाही. हे वाचून अझीम हसला.

“ताई, याला साक्षीदार कोण?”

साक्षीदार नव्हता. असं कधी कुठे घडलेलंच नव्हतं, नीलांबरीला नुसतं वाटत होतं. एवढी वर्षं लोकांना ज्या कारणासाठी तिने परत पाठवलं, त्याच कारणाने आता तिला परत पाठवता आलं असतं. अझीमला बाईंची फिरकी घ्यायची हौस होती, पण त्याने ताणून धरलं नाही. दिवाळीपर्यंत हा नियम उधारीवर घेऊ, तोवर साक्षीदार मिळाला नाही तर काढून टाकू, असं ठरलं. फोनवरचा प्रश्न नीलांबरीने स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केला. “आपल्या घाटावर पाणी कुठपर्यंत आलं आहे?”

भाद्रपदात दोन्ही नद्या एकदम चढल्या.

त्या दिवशी सकाळपासून नीलांबरी पडद्यापुढून हलली नव्हती. वरची धरणं काठोकाठ भरली होती. जलदर्शी पाणी जपून सोडत होतं आणि खालच्या गावांचे आकडे हळूहळू वर सरकत होते. मग पायरवाडीचा आकडा एकाएकी शून्यावर आला. नदी अशी क्षणात आटत नाही हे चाळणीला ठाऊक होतं. तिने शून्य नाकारलं आणि भरणी कामाला लागली. भरणीच्या अंदाजाने पायरवाडीचं पाणी जागच्या जागी थांबलेलं दिसत होतं. वरच्या गावांतही पाणी स्थिर होतं, त्यामुळे अंदाजात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. आकड्यांवर खुणा होत्या, पण जलदर्शी खुणांकडे पाहत नव्हतं. पायरवाडीला जागा आहे असं धरून त्याने धरणांतून मोठा विसर्ग सोडण्याची तयारी चालवली.

तास भरला. चाळणी थांबली. पायरवाडीच्या किल्लीवाल्या बाईंना फोन गेला, धाकट्या बहिणीचा आवाज ऐकून त्यांनी तो कापला. चाळणीने पुन्हा लावला. त्यांनी पुन्हा कापला.

तेवढ्यात अझीमचा फोन आला. त्याच्या मागे बरीच माणसं एकदम बोलत होती. तो म्हणाला, की जलदर्शी अडून बसलंय. अर्ध्या तासात पायरवाडीचा आकडा मिळाला नाही तर ते विसर्ग रोखणार आणि गाव खाली करायचा हुकूम काढणार. कक्षातल्या साहेबांचं म्हणणं, डबी बिघडली आहे हे उघड दिसतंय, अंदाजही चांगला आहे, पुन्हा खोतबाईंचा पूर नको. ती उधारीवरची अट काढा. अझीमने आपली संमती देऊन ठेवली होती. आता नीलांबरीची हवी होती.

“ताई, मी सांगत नाही काढा म्हणून,” तो हळूच म्हणाला. “पण ठेवायची तर कारण काय देऊ यांना?”

कारण तिच्याजवळ नव्हतं. अट ठेवली आणि नुसती डबीच बिघडलेली निघाली, तर गाव दुसऱ्यांदा फुकट भिजणार, त्यानंतर कुठल्याच इशाऱ्याला उठणार नाही, आणि आक्का जन्मात आपलं तोंड पाहणार नाही. अट काढली आणि अंदाज चुकला, तर धरणाचं पाणी थेट आक्काच्या दुकानात शिरणार. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या आकड्यांची झडती घेतली होती, आणि आज एक आकडा हवा होता तर तो सांगणारं माणूस तिचा आवाज ऐकायला तयार नव्हतं. अर्धा तास आहे ना, मग तो मला दे, असं तिने अझीमला सांगितलं.

पायरवाडीच्या वाटेवरचा पूल सकाळीच बुडाला होता, त्यामुळे जाणं शक्य नव्हतं. तिने आक्काला फोन लावला. कापला गेला. दुकानाशेजारच्या दोन घरांत लावला, तिथे कुणी उचलेना. पाण्याची पातळी सांग, फार निकडीचं आहे, असा निरोप टाइप करून तिने तो खोडून टाकला. दोन वर्षांत असला निकडीचा एकही निरोप आक्काने वाचला नव्हता. मग ती लहानपणापासून पायरवाडीच्या लेकीसुनांना जे विचारताना ऐकत आली होती ते तिला आठवलं. तिने फोन तोंडाजवळ धरला आणि एवढंच बोलून पाठवलं.

“आक्का, देव वर नेला का?”

फोन लगेच वाजला.

“नेला,” आक्का म्हणाली. दोन वर्षांनी ऐकलेला तो आवाज होता तसाच होता, जरा घोगरा. “पाणी दीपमाळेला लागलं तवाच नेला.”

यापुढे काही विचारायची रीत नव्हती. पण आक्काने फोन ठेवला नाही.

“सगळं वर नेलंय,” आक्का पुढे म्हणाली. “समया, नगारा, माझ्या पराती. तुझं ते डबडं पण नेलंय.”

“डबडं?”

“मागं एकदा वाहून गेलतं तवा कशी तोंड पाडून बसलीवतीस. म्हटलं ह्या बारीला नको. कुलूप काढून वडलं वर, फडक्यात गुंडाळलं, आनि देवाच्या शेजारी ठिवलंय. भिजलं न्हाई बघ जरा बी.”

नीलांबरीला एकदम रडू आलं. आणि रडतारडताच तिला सगळा उलगडा झाला. डबी बिघडली नव्हती. ती भैरोबाच्या शेजारी कोरडी बसली होती आणि माझ्यावर पाणी नाही असं इमानदारीने सांगत होती. अशा दिवशी नदीतून डबी कुणी काढेल, आणि तीही मायेने, हे चाळणीच्या कुठल्याच नियमात नव्हतं.

“आक्का, पाणी आत्ता कुठं हाय?”

“देवाचं इचारलंस म्हणून बोलले मी.”

“डबडं वर हाय म्हणून यंत्राला वाटतंय तुमच्याकडं पाणी थांबलंय. वरनं आनखी सोडणार हायत. कुठं हाय सांग.”

आक्का सज्जातून खाली वाकून बघत असावी. मागे नगाऱ्यावर पावसाचं पाणी ठिबकत असावं, तसा आवाज येत होता.

“दुकानाच्या उंबऱ्याला लागलंय,” ती म्हणाली. “सकाळी लई खाली व्हतं. फूग आलीया. पाणी पुढं सरकंना झालंय.”

फूग म्हणजे काय ते नीलांबरीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. संगमाजवळ एका नदीचं पाणी दुसरीच्या पाण्याला अडतं. पुढे जायला वाट मिळत नाही, म्हणून ते मागे फुगत येतं. वरच्या गावांत पाणी स्थिर दिसतं आणि संगमावरच्या गावात ते चढत असतं. भरणी ज्या वर्षांच्या आकड्यांवर शिकली होती त्या वर्षांत दोन्ही नद्या अशा एकदम कधी आल्याच नव्हत्या.

“गाव सोडायला लागंल, आक्का. आत्ता फोन वाजतील सगळ्यांचे, पर फोनचं कोण ऐकणार न्हाई. तुझं ऐकतील.”

“माझं ऐकून मागल्या बारीला काय झालं ते ठावं हाय न्हवं तुला?”

“ठावं हाय. पर ह्या बारीला मी काय सांगत न्हाई. पाणी उंबऱ्याला लागलंय हे तूच सांगितलंस.”

आक्काने फोन ठेवला.

नीलांबरीने अझीमला कारण दिलं. अट राहिली. दुकानाच्या उंबऱ्याची उंची घाटाच्या मोजणीत होतीच. तिने ती पायरवाडीचा आकडा म्हणून भरली आणि साक्षीला आक्काचं नाव घातलं. जलदर्शीला जे दिसत नव्हतं ते दिसल्याबरोबर त्याचा सगळा बेत फिरला. मोठा विसर्ग थांबला. ज्या एका धरणात थोडी जागा होती तिकडे पाणी वळवून बाकीचं थोडं थोडं करून सोडायचं, असं त्याने ठरवलं. अझीमच्या मागचे आवाज बंद झाले होते. साहेब काय म्हणाले असं नीलांबरीने विचारलं, तेव्हा साहेब स्वतः पायरवाडीच्या तलाठ्याला फोन लावतायत, असं तो म्हणाला.

आक्का दुसऱ्यांदा दारोदार फिरली. कसली ग्वाही न देता तिने लोकांना बोलावून आपल्या दुकानाचा उंबरा दाखवला. तोवर तो बुडाला होता. दुपार कलायच्या आत ट्रॅक्टर माळाकडे निघाले. पहिल्या ट्रॅक्टरात भैरोबा होता आणि त्याच्या शेजारी फडक्यात गुंडाळलेली डबी. संध्याकाळी पाणी दुकानाच्या माळ्याला लागलं. घरं पडली, भिंती ढासळल्या, पण माणूस एकही गेलं नाही, आणि दावणीचं एकही जनावर गेलं नाही. धरणाचं पाणी आलं असतं तर काय झालं असतं, याचं गणित अझीमने करून पाहिलं आणि नीलांबरीला दाखवलं नाही. तिनेही मागितलं नाही.

पाणी ओसरल्यावर नीलांबरी खराटा घेऊन पायरवाडीला गेली. दोघी बहिणींनी मिळून दुकानातला चिखल काढला. नीलांबरी काहीबाही बोलत होती, आक्का कामापुरतं हं हं करत होती. शेवटी आक्काने पुसून लख्ख केलेली डबी तिच्या हातात दिली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, “त्या दिवशी देवाचं म्हणून बोलले. ते धरून बसू नकोस.” बोलणं बंद होतं ते बंदच राहिलं. नीलांबरीला वाईट वाटलं आणि हसूही आलं, कारण असला हट्ट त्यांच्या घराण्यात सगळ्यांकडेच होता आणि तिच्या स्वतःच्या वाट्याला तो जरा जास्तच आला होता.

चाळणीतल्या त्या नियमाची उधारी दिवाळीआधीच फिटली. त्याच्याशेजारी आता साक्षीदार होता: सुभद्रा गावडे, पायरवाडी, डबी देवाबरोबर वर नेली. भरणीही राहिली, कारण इतर ठिकाणी तिने चोख काम केलं होतं. फक्त खूण असलेल्या आकड्यावर दरवाजे उघडायचे नाहीत, हे अझीमने जलदर्शीच्या बाजूने पक्कं करून घेतलं. मग त्याने आणखी एक सुधारणा पाठवली. फोनवरचा प्रश्न सगळीकडे एकच का असावा? ज्या गावाने जसा विचारला असता तसा विचारावा, आणि आलेल्या उत्तरातून आकडा काढायचं काम चाळणीने शिकावं. नीलांबरीने ही सुधारणा आल्या दिवशीच घेतली.

त्यानंतर जगभरातून प्रश्न येऊ लागले. ब्रह्मपुत्रेच्या एका बेटावरून आलं, की आमच्याकडे पाणी विचारत नाहीत, गुरं कुठल्या टेकाडावर बांधलीत ते विचारतात. आणखी कुठून आलं, की मासेमारीच्या होड्या चर्चच्या दाराला बांधल्या का ते विचारा. तीन ठिकाणच्या लोकांनी जरा लाजत कळवलं, की पुरात यंत्र काढून घरात नेऊन ठेवायची पद्धत आमच्याकडेही आहे. प्रत्येक प्रश्नामागे साक्षीदार होता. नीलांबरी सकाळचा चहा घेऊन ते वाचत बसायची, आणि काही दिवस तर तिचं निवडायचं काम तसंच पडून राहायचं.

पुढच्या आषाढात नदीला थोडं पाणी आलं. धास्तीचं काही नव्हतं. डबी नव्या नळीत होती, पण नळीत पुन्हा काहीतरी अडकलं आणि आकडे बिघडले. तासभर भरणी चालली, मग चाळणी थांबली आणि तिने पायरवाडीला फोन लावला. या वेळी नीलांबरीचा रेकॉर्ड केलेला आवाज विचारत होता, “आक्का, देव वर नेला का?”

आक्काने फोन कापला नाही. तिने यंत्राला उत्तर दिलं.

“देव खालीच हाय अजून. दीपमाळंच्या लई खाली हाय पाणी. आनि तिला इचार, जेवली काय म्हणून.”

चाळणीला पहिल्या दोन वाक्यांतून आकडा मिळाला आणि तिने तो पुढे पाठवला. शेवटच्या वाक्यासाठी तिच्यात नियम नव्हता. न समजलेलं काही आलं की ते टाकून न देता माणसापुढे ठेवायचं, अशी तिला शिकवण होती, त्यामुळे ते वाक्य नीलांबरीच्या पडद्यावर आलं. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खुर्ची मागे सारून उठली.

ती नुकतीच पोटभर जेवली होती. तरी तिने घराला कुलूप लावलं, पायरवाडीची एसटी धरली आणि आक्काच्या दारात जाऊन उभी राहिली.

“न्हाई जेवले,” ती म्हणाली.

आक्काने काही न तपासता ताट वाढायला घेतलं.